कोळशाच्या पाच वाघिणी, १:८७

जून २०२४ मध्ये बॉक्सएन वाघिणींच्या लघुप्रतिकृतींचं काम हातात घेतलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पाच वाघिणी एकामागोमाग रुळांवर धावल्या. मधले आठ महिने बरेचसे वाट बघण्यात गेले: पार्सलची, पावसाळा सरण्याची, लग्नपत्रिकांचा हंगाम ओसरण्याची. हातात प्रत्यक्ष कटर किंवा ब्रश होता तो वेळ त्यामानाने थोडाच. हे आधी कुणी सांगितलं असतं तर सुरुवातीची चिडचिड वाचली असती, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

बॉक्सएन म्हणजे वरून उघडी, बोगीवर (म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या, वळणाऱ्या गाड्यावर) चालणारी, मुख्यतः कोळसा वाहणारी वाघीण. लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेने आखलेली ही वाघीण ऐंशीच्या दशकापासून आपल्या मालगाड्यांचा कणा आहे. आम्ही नाशिकचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रामुळे कोळशाचे रेक, म्हणजे वाघिणींच्या अख्ख्या माळा, कायम नजरेखालचे. एचओ, म्हणजे १:८७ या मापातले अमेरिकन, युरोपीय मालडबे पैसे टाकले की मिळतात, पण मला डोळ्यांपुढची गाडी हवी होती. तीही मळलेली.

पहिले दोन आठवडे कागद आणि कॅल्क्युलेटर. मूळ वाघिणीची लांबी कपलर (दोन वाघिणींना जोडणारा भाग) धरून १०,७१३ मिमी, रुंदी ३,२०० मिमी, रुळापासून उंची ३,२२५ मिमी आणि दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर ६,५२४ मिमी. ८७ ने भागलं की लांबी १२३ मिमी, रुंदी आणि उंची दोन्ही ३७ च्या आसपास, बोगींमधलं अंतर ७५ मिमी. रेकमध्ये ५८ वाघिणी असतात. तेवढ्या बांधल्या तर नुसत्या वाघिणींचीच लांबी सात मीटरच्या वर जाते, म्हणजे आमच्या घराच्या एका भिंतीतून आत आणि दुसऱ्या भिंतीतून बाहेर. पाचावर समाधान मानलं.

इथेच एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो नंतर बदलता येत नाही. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिमीचा. एचओमध्ये तो १९.३ मिमी व्हायला हवा. बाजारातला एचओचा रूळ १६.५ मिमीचा असतो, कारण तो १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवरून आलेला आहे. काही जिद्दी लोक स्वतः रूळ घालून १९.३ करतात. माझ्याकडे १६.५ चा ट्रॅक आधीच अंथरलेला होता, इंजिनंही त्यावरचीच, त्यामुळे चाकं १६.५ वर ठेवली आणि बोगीच्या बाहेरच्या फ्रेम मात्र खऱ्या रुंदीला धरल्या. बाजूने पाहिलं तर काही कळत नाही. समोरून पाहिलं की वाघीण पाय आवळून उभी राहिल्यासारखी दिसते. मी समोरून फोटो काढत नाही.

जूनच्या शेवटी माहेरी भुसावळला गेले ते फोटोंसाठीच. फलाट तिकीट दहा रुपये, मुदत दोन तास. भुसावळला दोन तासांत मालगाडी दिसली नाही असं सहसा होत नाही. जुना पादचारी पूल सोन्यासारखा, कारण उघड्या वाघिणीचं पोट वरूनच दिसतं, आणि मॉडेलकडे आपण कायम वरूनच बघतो. नवख्यांना एकच विनंती: चांगल्या फोटोच्या मोहाने रुळांत उतरू नका. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ खाली विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी यार्डात ढकललेली वाघीण आवाज न करता येते.

बोगी जवळून हवी होती म्हणून एका मालधक्क्यावर विचारायला गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. "ताई, मला काही अडचण नाही, पण फोटोचं माझ्या हातात नाही. अर्ज द्या, वर पाठवतो." खेळण्यातली गाडी बनवण्यासाठी वाघिणीचे फोटो हवेत, हे सरकारी मराठीत लिहिणं अवघड असतं. शेवटी 'छंद म्हणून लघुप्रतिकृती तयार करण्याच्या प्रयोजनार्थ' असं लिहिलं, आधार कार्डाची प्रत जोडली, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पुढे त्या अर्जाचं काय झालं ते त्या अर्जालाच ठाऊक. मी कॅमेऱ्याची झूम वापरून फलाटावरूनच भागवलं. ढगाळ दिवशी सकाळी काढलेले फोटो सगळ्यात उपयोगी पडले. कडक उन्हात रंगातले फरक सपाट होतात आणि खालची बोगी काळोखात जाते.

जुलैत चाकं आणि कपलर परदेशातून मागवले. वीस अ‍ॅक्सल, ११ मिमी व्यासाची चाकं (मूळ चाक १,००० मिमीचं, म्हणजे ११.५ हवं, ११ चालून जातं), पितळी बेअरिंग कप आणि केडी या अमेरिकन कंपनीचे पाच नंबरचे कपलर. आपल्या वाघिणींना मधोमध एकच सीबीसी (सेंटर बफर कपलर) असतो, हाताची बोटं एकमेकांत अडकवावीत तसा, आणि केडीचा कपलर त्याच घराण्यातला दिसतो. युरोपीय हुकापेक्षा तो इथे शोभतो.

पार्सल मुंबईत आलं आणि थांबलं. विकणाऱ्याने बाहेरच्या कागदावर मालाचं वर्णन 'टॉय ट्रेन पार्ट्स' असं केलं होतं. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा नियम लागू आहे, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची मूळ कस्टम्स ड्युटी ६० वरून ७० टक्क्यांवर गेली. कुरिअरकडून केवायसी मागणारी मेल आली, मग बीजक, मग हे लहान मुलांचं खेळणं नाही याचं स्पष्टीकरण. मी तिन्ही एकाच पीडीएफमध्ये पाठवलं: आधार, पैसे भरल्याची पावती आणि अर्ध्या पानाचं पत्र, की हे मोठ्या माणसांच्या छंदाचे सुटे भाग आहेत, वैयक्तिक वापरासाठी आहेत आणि विकायचे नाहीत. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पार्सल सुटलं. माल नऊ हजारांचा, ड्युटी, कर आणि कुरिअरची हाताळणी मिळून साडेआठ हजार. पैसे भरताना हात जड झाला. मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधीच कळवा की वर्णनात नेमकी वस्तू लिही: धातूची चाकं, अ‍ॅक्सल, कपलर. आणि एकदाच पुरेसं मागवा.

तोवर बोगीच्या फ्रेम करून घेतल्या. बॉक्सएनखाली कॅसनब बोगी असते, ओतीव पोलादाची, दोन चाकांमधलं अंतर २,००० मिमी. एचओमध्ये ते २३ मिमी होतं. तयार मिळणाऱ्या अमेरिकन बोगी २० मिमीच्या आसपास असतात. तो तीन मिलिमीटरचा फरक बाजूने लगेच खटकतो. म्हणून संगणकावर फ्रेम काढली आणि रेझिन थ्रीडी प्रिंटिंग करणाऱ्याकडे दिली. साधं रेझिन ठिसूळ असतं, चाक बसवताना फ्रेम जरा फाकवावी लागते तेव्हा कटकन तुटतं. 'एबीएससारखं' म्हणून जे रेझिन मिळतं ते सांगा. वीस फ्रेमचे चार हजार झाले. हातात आल्यावर त्या उन्हात ठेवू नका, आधीच पक्क्या झालेल्या असतात, आणखी ऊन लागलं की वाकतात.

सप्टेंबरभर पत्रा, म्हणजे प्लॅस्टिकचा पत्रा: पॉलिस्टायरीन शीट, ०.५ मिमी जाडीची. वाघिणीच्या बाजूला बाहेरून उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्यासाठी १ मिमीच्या पट्ट्या. जाडीचा हिशोब सुदैवाने जमून येतो. मूळ वाघिणीची आतली रुंदी २,९५० आणि बाहेरची ३,२००, म्हणजे एका बाजूला १२५ मिमी, एचओमध्ये १.४. आपली भिंत आणि पट्टी मिळून १.५.

पण वरच्या काठाला फसगत होते. ०.५ मिमी म्हणजे खऱ्या मापात ४३ मिमी, आणि खरा पत्रा काही मिलिमीटरचाच असतो. वाघीण उघडी असल्यामुळे तो काठच सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो. उपाय सोपा आहे: काठ आतल्या बाजूने तिरका तासायचा. सँडपेपरची चारशेची पट्टी सपाट लाकडावर चिकटवून चार-पाच हात मारले की काठ कागदासारखा दिसायला लागतो, आणि मधला जाड भाग सावलीत लपतो.

पट्ट्या सरळ बसवण्यासाठी एमडीएफच्या तुकड्यावर आराखडा डकवून दोन बाजूंना काटकोनात पट्ट्या ठोकल्या, झाला जिग. पट्टी ठेवायची, प्लॅस्टिक जोडायच्या पातळ सिमेंटचा ब्रश टोकाला टेकवायचा, द्रव आपोआप आत ओढला जातो. खिडकी उघडी ठेवून. पहिली बाजू करताना संध्याकाळ गेली, दहावी होईपर्यंत रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आत होत होती.

बाजू जोडण्याआधी एक गंमत करून घ्या, नंतर जमत नाही. वापरातल्या वाघिणीच्या भिंती सरळ नसतात. मालधक्क्यावर जेसीबीचा दात आतून लागतो आणि पट्ट्यांमधला पत्रा बाहेर फुगतो. वीजकेंद्रात टिपलर अख्खी वाघीण धरून उलटी करतो, तिथे वरच्या काठाला चिमटे बसतात. मी ०.५ च्या शीटला मागून चमच्याच्या पाठीने, खाली जुन्या माउसपॅडचा तुकडा ठेवून, पट्ट्यांच्या मधोमध दाबलं. प्रत्येक चौकटीत नाही. एखादीत जास्त, दोन सोडून पुढे थोडं. प्रायमर मारल्यावर प्रकाश त्या फुगवट्यावर पडला आणि पहिल्यांदा ती वाघीण वाटली. तोवर पांढरा डबा होता.

वजनाकडे दुर्लक्ष केलं तर हलकी वाघीण वळणावर रुळावरून उतरते. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा एचओसाठी ठोकताळा असा: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस. वाघिणीचा सांगाडा साडेचार इंचांच्या आतबाहेर, म्हणजे ९० ग्रॅमच्या आसपास. माझी रिकामी वाघीण बोगीसकट ३५ भरत होती. भरलेल्या वाघिणीत कोळशाखाली काहीही लपतं. रिकाम्या वाघिणीत लपवायचं कुठे? फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड मिलिमीटर लोखंडी पत्र्याचे तुकडे कापून घेतले, प्रत्येकी ४० ग्रॅमच्या आसपास, आणि दोन प्लॅस्टिक तळांमध्ये सँडविच केले. उरलेले ग्रॅम टायरवाल्याकडच्या चिकट बॅलन्सिंग वजनांनी, खाली मधल्या तुळईच्या दोन्ही बाजूंना. टायरवाल्याने ती फुकट दिली आणि कशाला हवीत हे ऐकून दोन जास्त दिली.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रंगाला हात लावला नाही. पावसाळी हवेत लॅकरचा प्रायमर दुधाळ होतो, त्यावर काही इलाज चालत नाही. पाऊस गेल्यावर राखाडी प्रायमर, मग अंगाचा रंग. घराच्या ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड वापरायचा विचार डोक्यात आला असेल तर सोडून द्या, त्याचा दाणा या मापाला फार मोठा. मी अ‍ॅक्रिलिक बर्न्ट सिएनात थोडा काळा आणि बऱ्यापैकी फिकट बदामी मिसळला. बदामी यासाठी की लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो. पाचही वाघिणींना एकच मिश्रण देऊ नका. दोन बाटल्या करा, एकीत बदामी जास्त. कारखान्यातून एकाच दिवशी सुटलेल्या पाच वाघिणी एका रेकमध्ये कधी दिसत नाहीत.

मग अक्षरं. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, आणि वाघिणीवर सगळं पांढरंच. उपाय आपल्या गल्लीत निघाला: लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटर. वॉटरस्लाइड डेकलचा (पाण्यात भिजवून सरकवत चिकटवायच्या छापील अक्षरांचा) कोरा कागद मी नेला, पॉझिटिव्ह, म्हणजे छपाईची पारदर्शक फिल्म करून दिली. काकांनी भिंग लावून बघितलं. "हे वाचणार कोण?" खऱ्या वाघिणीवरचं वीतभर अक्षर इथे अडीच मिलिमीटरचं होतं, आणि बाकीची सगळी त्याहून बारीक. "मी वाचणार," म्हटलं. "मग तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे. आत्ता फ्रेम अडकवून ठेवली तर पत्रिकावाले मला खातील." पण तुळशीच्या लग्नानंतर तर लग्नसराई खरी सुरू होते. नंबर लागला डिसेंबरच्या सुरुवातीला. बारीक जाळीची फ्रेम, पॉझिटिव्ह आणि दहा कागद मिळून अठराशे रुपये. दहा मागा. पाच लागतात, तीन बिघडतात, दोन पुढच्या वेळी.

नंबर मनाने टाकू नका. वाघिणीच्या अकरा आकड्यांना अर्थ असतो. पहिले दोन वाघिणीचा प्रकार (उघड्या वाघिणींना १० ते २९), पुढचे दोन मालक रेल्वे (मध्य रेल्वे ०१), पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटचा ताळ्याचा आकडा. तो असा काढतात: सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज करून तीनने गुणायची, त्यात विषम जागांवरच्यांची बेरीज मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते लिहायचं. माझी एक वाघीण १० ०१ ०५ १२३४ धरली. सम जागांवर ०, १, ५, २, ४, बेरीज १२, तिप्पट ३६. विषम जागांवर १, ०, ०, १, ३, बेरीज ५. एकूण ४१, पन्नासला ९ कमी. म्हणून शेवटचा आकडा ९. कुणी तपासणार नाही हे मान्य. पण एकदा माहीत झाल्यावर चुकीचा आकडा डोळ्यांसमोर फिरत राहतो.

डेकल लावण्याआधी चकचकीत वार्निश, नाहीतर अक्षरांभोवती रुपेरी हवा अडकते. पट्ट्यांवरून जाणारी अक्षरं सेटिंग द्रवाने मऊ करून ब्लेडने पट्टीच्या कडेला चिरायची. वर मॅट वार्निश. इथपर्यंत डिसेंबर संपत आला.

आता मळवणं. या कामाविषयी मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. मळवलेली बरीच मॉडेलं समुद्राच्या तळातून काढल्यासारखी दिसतात, सगळीकडे एकसारखा नारिंगी गंज. वाघीण अशी मळत नाही. तिच्यावरचा प्रत्येक डाग कशामुळे तरी पडलेला असतो, आणि तो कशामुळे हे सांगता येत नसेल तर ब्रश खाली ठेवावा. कामाला बसण्याआधी मी पाच वाघिणींची पाच टिपणं लिहिली. एक नुकतीच पीओएच, म्हणजे पूर्ण ओव्हरहॉल होऊन कारखान्यातून आलेली. दोन मधल्या वयाच्या. एकीचा खालचा पत्रा गंजून वर्कशॉपमध्ये तिथे नवे तुकडे वेल्ड केलेले. आणि पाचवी टिपलरने हाणलेली, रिकामी.

क्रम साधारण असा राहिला. आधी उन्हाने उडालेला रंग: तैलरंगाचे ठिपके, पांढरा, पिवळट, गुलाबीसर, चौकटीच्या वरच्या अर्ध्यात टिपायचे आणि टर्पेंटाइनने जवळजवळ कोरड्या केलेल्या चपट्या ब्रशने खाली ओढायचे. ठिपके नाहीसे होतात, मागे रंगातला हलका चढउतार राहतो. कॅमलच्या साध्या नळ्या चालतात, फक्त रंग आधी पुठ्ठ्यावर तासभर पिळून ठेवा. पुठ्ठा तेल शोषतो आणि रंग मॅट वाळतो.

मग गंज. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा चिमट्यात धरून गडद तपकिरीत बुडवायचा, कागदावर जवळजवळ सगळा टिपून टाकायचा आणि जिथे खरंच घासलं जातं तिथेच टेकवायचा: वरचा काठ, पट्ट्यांची बाहेरची धार, खालच्या दारांचे कोपरे. त्या ठिपक्यांखाली केसाएवढी रेघ, बर्न्ट अंबरची, सरळ खाली. पावसाचं पाणी तिरकं वाहत नाही. नारिंगी अगदी थोडा, ताज्या ओरखड्यांपुरता. जुना गंज चॉकलेटी असतो, काळ्याकडे झुकणारा.

कोळशाची धूळ काठावरून ओघळून पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना साठते, चौकटीचा मध्य त्यामानाने स्वच्छ राहतो. हे मी भुसावळच्या पुलावरून काढलेल्या फोटोंत मोठं करून पाहिलं नसतं तर नेमकं उलटं केलं असतं. त्यासाठी काळे-करडे सॉफ्ट पेस्टल सँडपेपरवर घासून केलेली भुकटी, कोरड्या ब्रशने. वार्निश मारलं की भुकटी निम्मी गायब होते, म्हणून दोनदा द्यायची आणि शेवटच्या थरावर वार्निश मारायचं नाही. मग वाघीण बोगीला धरूनच उचलायची.

बोगी मुळीच काळ्या नसतात. ब्रेकच्या ठोकळ्यांची धूळ आणि रुळाची माती बसून त्यांचा रंग मातकट तपकिरी होतो, एकच ओला काळा ठिपका अ‍ॅक्सलच्या टोकाशी, ग्रीसचा. चाकाची बाहेरची बाजू मळकी, पण रुळावर फिरणारी पट्टी चकचकीत हवी. रंग तिथे गेला तर लगेच पुसा.

रिकाम्या वाघिणीच्या पोटावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तळाला गंजाचे दोन-तीन रंग स्पंजाने, वर हेअरस्प्रे, वर अंगाचा रंग, तो वाळल्यावर कोमट पाण्याच्या ब्रशने खरवडलं. रंगाचे पापुद्रे सुटून खालचा गंज उघडा पडतो, आणि तो नेमका कुठे सुटेल हे आपल्या हातात नसतं, म्हणूनच खरा वाटतो. कोपऱ्यांत चिमूटभर कोळशाची चूर, पातळ फेव्हिकॉलच्या थेंबाने. टिपलरने झटकूनही कोपऱ्यात थोडं राहतंच. बाहेरून, पांढरी पेन्सिल सुईसारखी टोकदार करून, यार्डातल्या माणसांची खडूची अक्षरं. माझ्या एका वाघिणीवर 'खाली' लिहिलंय, आणि एकीवर कुणीतरी लिहून पुसलेलं काहीतरी.

पीओएचवाल्या वाघिणीला जवळजवळ काहीच केलं नाही. चाकांची धूळ आणि काठाला एकदोन ओरखडे. बाकी चौघी मळक्या दिसतात त्या तिच्यामुळे. वेल्ड केलेल्या वाघिणीला ०.२५ मिमी शीटचे दोन चौकोन खाली चिकटवले, त्यांचा रंग एक छटा ताजा ठेवला आणि शिवणीवर गंजाची बारीक रेघ काढली.

भरलेल्या चार वाघिणींत फोमचा उंचवटा, त्यावर खरा कोळसा कुटून दोन चाळण्यांतून चाळलेला. एकाच आकाराचे खडे घेतले तर खडी वाटते, भुकटी आणि खडे मिसळले की कोळसा. वर चुन्याच्या पाण्याचे पांढरे पट्टे ओढले. कोळसा चोरीला गेला तर कळावं म्हणून लोड झालेल्या वाघिणीवर चुना शिंपडतात, आणि मॉडेलमध्ये हा पट्टा फारच कमी लोक दाखवतात. लोड चिकटवला नाही, नुसता बसवला. त्यामुळे हवा तेव्हा उचलून काढता येतो.

फेब्रुवारीत चाचणी. चाकांमधलं आतलं अंतर १४.४ मिमी आहे का ते कॅलिपरने प्रत्येक अ‍ॅक्सलवर तपासा. विकत घेतलेल्यांतही दोन-तीन सैल निघाले, पिळून जागेवर आणले. कपलरची उंची केडीच्या मापकावर. आणि बोगी बसवताना एका बोगीचा स्क्रू इतका आवळा की ती फक्त डावी-उजवी वळेल, दुसरीचा इतका सैल की ती डुलेलही. दोन्ही घट्ट बसवल्या तर वाघीण चार पायांच्या लंगड्या टेबलासारखी रुळावर बसते आणि सांध्यावर उतरते. बारीक त्रिज्येच्या वळणावर एका वाघिणीचं चाक तळाला घासत होतं, तिथे वॉशर टाकला, मिटलं.

खर्च, कुणी विचारेलच म्हणून: शीट आणि पट्ट्या अडीच हजार, फ्रेम चार, परदेशी भाग ड्युटीसकट साडेसतरा, अक्षरं अठराशे, रंग-पेस्टल-वार्निश अडीच. एकूण अठ्ठावीस हजारांच्या वर, वाघिणीमागे साडेपाच-पावणेसहा. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर यात धरलेला नाही, तो आधीपासून होता. निम्म्याहून जास्त पैसा चाकं आणि कपलरांत गेला. तेव्हा चाकांसाठी दोघातिघांनी मिळून एकदाच मागवलं तर कुरिअरचा खर्च तरी वाटला जातो.

रेकच्या शेवटी ब्रेक व्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, अजून नाही. त्यातला बीव्हीझेडआय प्रकार घेतला तर प्रवासी डब्यांखालची आयसीएफ बोगी लागते, आणि ती तयार मिळेल अशी चिन्हं आहेत. चारचाकी बीव्हीझेडसी घेतली तर सगळंच स्वतः करायचं. दुसरीच्या आराखड्याची प्रत कालच काढून आणली.